निदान निदानाचे तरी पैसे द्या!

गाडी सर्व्हिसिंगहून परत आली की पुण्यातल्या मध्यमवर्गीय माणसाच्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडतो तो म्हणजे "लुटलं!" किती लुटलं, कशात लुटलं, हे विचारायचं नाही. बिलाच्या तळाचा आकडा पाहायचा, मागच्या वर्षीचा आठवायचा, सोसायटीतल्या शेजाऱ्याचा विचारून घ्यायचा आणि निकाल देऊन टाकायचा. शेजाऱ्याचं बिल कमी असेल तर आपण लुटले गेलो, जास्त असेल तर तो येडा. झाला न्याय!

माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना लगेच सुरुवात करता येईल :-) एक, गॅरेजचं बिल रास्त आहे की नाही हे तळाच्या आकड्यावरून कधीच कळत नाही. आणि दोन (हे जास्त झोंबेल), गॅरेजवाल्यांना फसवणुकीचे धडे आपण गिऱ्हाइकांनीच दिलेले आहेत. वस्तूचे पैसे द्यायला आपल्याला काही वाटत नाही, पण माणसाच्या अकलेचे पैसे द्यायचे म्हटलं की पोटात गोळा येतो. मग तो बिचारा (किंवा बिलंदर, जो भेटेल तो) आपल्या अकलेचे पैसे वस्तूच्या किमतीत लपवतो. आणि गिऱ्हाईक खूश, कारण हातात काहीतरी नवीन दिसतं.

उदाहरणच घ्या ना. आमच्या टीममधल्या एका मित्राने परवा कँटीनमध्ये बिल आणलं. पाच वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, अधिकृत सर्व्हिस सेंटर, एकूण १६,०४८ रुपये. चेहरा असा की आता थेट चौकीवरच जायचं. मी बिल वाचायला घेतलं. कोड रिव्ह्यू करून करून ओळ न् ओळ वाचायची खोड लागलेली असते. चौदा ओळी होत्या.

इंजिन ऑइल साडेतीन लिटर १,७५०. ऑइल फिल्टर ११०. ड्रेन प्लगचा वॉशर २०. एअर फिल्टर ३२०. एसीचा फिल्टर ४५०. पुढच्या ब्रेक पॅडचा सेट २,१५०. सर्व्हिसिंगचं लेबर १,९००. ब्रेकचं लेबर १,२००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९५०. इथपर्यंत झाले ८,८५०. पुढे इंजिन डीकार्बनायझेशन १,६५०, एसी डिसइन्फेक्शन ९००, 'इंटिरिअर एन्रिचमेंट' १,४००, उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून स्प्रे ४५० आणि 'कन्झ्युमेबल्स' ३५०. बेरीज १३,६००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,४४८.

आता सांगा, आमच्या मित्राने काउंटरवर हुज्जत कोणत्या ओळीवर घातली असेल? बरोब्बर. लेबर! "तेल बदलायचे एकोणीसशे? माझा पोरगा बदलेल." अर्धा तास भांडून हा वीर काय घेऊन आला, तर पुढच्या सर्व्हिसिंगच्या लेबरवर दहा टक्के सूट असं कुपन. म्हणजे १९० रुपये. तेही पुढच्या वर्षी. आणि डीकार्बनायझेशनपासून उंदरांपर्यंतच्या चार ओळी? ४,४०० रुपये, जीएसटी धरून ५,१९२. त्यावर सकाळीच सही करून आला होता. एन्रिचमेंट म्हणजे काय असतं रे, असं विचारलं तर म्हणाला, "आतून चकाचक करतात."

गाडीबरोबर एक पुस्तक मिळतं, जे बहुतेकांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर न येता म्हातारं होतं. त्यात मागे मेंटेनन्सचा तक्ता असतो. किती किलोमीटरला काय नुसतं तपासायचं आणि काय बदलायचं, ते त्यात चौकटी करून दिलेलं असतं. ते पुस्तक आम्ही जागेवरच फोनवर उघडलं. त्या चार ओळींपैकी एकही त्या तक्त्यात नव्हती. ही कामं कायमच फालतू असतात असं मी म्हणत नाही. एसीतून कुबट वास येत असेल तर जरूर साफ करून घ्या. पण मग आधी तक्रार हवी, मग तपासणी आणि मग इलाज. इथे तक्रार नाही, तपासणी नाही, थेट इलाज. डॉक्टरने असं केलं तर आपण त्याला काय म्हणू?

पण खरी गंमत या चार ओळींत नाहीये. ती ब्रेक पॅडच्या ओळीत आहे. २,१५० हा दर बरोबर आहे का? दोन मिनिटांत नेटवर कळतं, साधारण बरोबर आहे. मग ओळ रास्त झाली का? मुळीच नाही. नव्या पॅडची जाडी साधारण १० मिलिमीटर असते, घासून ३ च्या आसपास आली की बदलायची. याचे किती उरले होते? बिलात लिहिलेलं नाही. जुने पॅड पाहिलेस का? नाही. म्हणजे ही ओळ अगदी प्रामाणिकही असू शकते किंवा शंभर टक्के चोरीही, आणि दोन्ही वेळा आकडा तोच छापून येईल! नेटवर दर मिळतो, गरज होती की नाही ते मिळत नाही.

म्हणून बिलाला तीन प्रश्न विचारावे लागतात. काम लागत होतं का? काम केलं का? आणि दर बरोबर आहे का? आपण सगळी ताकद तिसऱ्यावर खर्च करतो, त्यातही फक्त लेबरवर. पहिला प्रश्न, जो सगळ्यात महाग असतो, तो विचारतच नाही. कारण त्याचं उत्तर म्हणजे निदान, आणि निदान फुकटच असतं अशी आपली ठाम समजूत आहे.

समजा, सकाळी गाडी चालू होत नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून माणूस येतो, बॉनेट उघडतो, बॅटरीच्या टर्मिनलवर साठलेली पांढरी बुरशी घासून काढतो, क्लॅम्प आवळतो, गाडी चालू. पाच मिनिटं. त्याने पाचशे रुपये मागितले तर काय होईल? "पाचशे? नुसतं घासलं तर तू!" शंभर देऊन आणि वर दोन शब्द सुनावून त्याची बोळवण होईल. आता दुसरा माणूस. तो मान हलवतो, "बॅटरी गेली साहेब" म्हणतो, साडेपाच हजारांची नवी बसवतो, जुनी घेऊन जातो. गिऱ्हाईक त्याला चहा पाजतं! खरं बोलणाऱ्याला शंभर आणि शिव्या, खोटं बोलणाऱ्याला मार्जिन आणि चहा. असं दहा वर्षं केल्यावर त्या पहिल्या माणसाने काय शिकावं अशी आपली अपेक्षा आहे?

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. १९४१ मध्ये रीडर्स डायजेस्टने अमेरिकेत एक प्रयोग केला होता. चांगल्या चालत्या गाडीतली इग्निशन कॉइलची एक वायर मुद्दाम सोडवायची आणि "काय झालंय बघा हो" म्हणत गॅरेजमध्ये जायचं. देशभरातली ३४७ गॅरेजं केली. १२९ जणांनी वायर ओळखली आणि सरळ जोडून दिली. बाकीच्या २१८ जणांनी नको ते पार्ट घातले, न केलेल्या कामाचे पैसे लावले किंवा वाट्टेल ते कारण सांगितलं. पुढे १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी अशा धंद्यावर निबंध लिहिला, ज्यात घेतलेल्या सेवेची गरज होती का, हे गिऱ्हाइकाला पैसे दिल्यानंतरही कळत नाही. निबंधाच्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'मुक्त स्पर्धा आणि फसवणुकीचं इष्टतम प्रमाण'! आंबा गोड निघाला की नाही ते खाल्ल्यावर कळतं. ब्रेक पॅड खरंच संपले होते का, ते बदलल्यावरही कळत नाही. जो माणूस रोग सांगतो तोच औषध विकतो, आणि पैसे फक्त औषधाचे मिळतात. मग रोग वाढणारच.

आता आपल्या जमातीकडे वळतो, म्हणजे हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात बसणाऱ्यांकडे. आपला सगळा धंदा कशावर चालतो? तासांवर. क्लायंट विचारतो, एक ओळ बदलायला आठ तास कसे लागले? आपण मान ताठ करून सांगतो, ओळ बदलायला पाच मिनिटं लागली, कोणती ओळ बदलायची हे शोधायला बाकीचे तास लागले. टाइमशीटमध्ये त्याला 'ॲनालिसिस' असं भारदस्त नाव देतो आणि डॉलरमध्ये वसूल करतो. ती मशीनवर खडूने खूण करणाऱ्या इंजिनिअरची गोष्ट (खूण करायचा एक, ती कुठे करायची हे माहीत असल्याचे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव) आपण प्रत्येकाने एकदा तरी फॉरवर्ड केलेली असते. खरी की रचलेली, देव जाणे. पण फॉरवर्ड करताना छाती फुगते. तीच गोष्ट कळकट कपड्यातला, दहावी झालेला माणूस आपल्याला ऐकवायला लागला की ती लूट होते. ही शुद्ध जातपात आहे, फक्त डिग्रीची.

कोणी म्हणेल, अहो पण बड्या सर्व्हिस सेंटरमध्ये लेबर वेगळं लावतातच की. लावतात. पण तिथे तुमच्याशी बोलतो कोण? सर्व्हिस ॲडव्हायझर. त्याच्या हाताला ग्रीस लागलेलं नसतं. अशा अनेक ठिकाणी त्याला एन्रिचमेंट-डीकार्ब यांचं महिन्याचं टार्गेट असतं. ज्याने गाडी उघडून पाहिली तो आत असतो, काचेच्या पलीकडे, आणि त्याची तुमची भेट होत नाही. म्हणजे निदान करणारा गप्प आणि विकणारा बोलतोय. आपल्याकडे सेल्सवाला डेव्हलपरला न विचारता क्लायंटला शब्द देऊन येतो तेव्हा किती चडफडतो आपण!

आणि पार्टच्या किमती पवित्र असतात हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून २०११ मध्ये सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. स्पेअर पार्ट खुल्या बाजारात येऊ द्यायचे नाहीत, दुरुस्तीची माहिती आणि अवजारं बाहेरच्या गॅरेजला द्यायची नाहीत आणि मग मनाला येईल तो भाव लावायचा, असा ठपका होता. काही पार्टवर ५,००० टक्क्यांपर्यंत चढवलेला भाव आयोगाच्या तपासात निघाला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. पुढे अपिलं झाली, दंडावर कोर्टकचेऱ्या झाल्या. पण मुद्दा शिल्लक राहतोच. काउंटरवर आपण लेबरच्या १९० रुपयांसाठी गळा काढत होतो तेव्हा खरी मलई पार्टच्या डब्यात होती. त्या चौदांत टाटा, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन, फियाट, जनरल मोटर्स होत्या. म्हणजे पिंपरी, चाकण, रांजणगाव, तळेगाव! गाड्या आपल्या अंगणात बनल्या, सकाळी फिरायला जातो त्या टेकडीला आपण एआरएआयची टेकडी म्हणतो, आणि गाडीचं बिल वाचता येत नाही.

बाजू दुसरीही आहे, तीही बोलतो. छोटी गॅरेजं म्हणजे सगळी संतमंडळी नव्हेत. नाना पेठेत एकच पार्ट तीन भावांत मिळतो: कार कंपनीच्या डब्यातला, तो बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला आणि लोकल. मधला बऱ्याचदा पहिल्याइतकाच चांगला आणि बराच स्वस्त असतो. तिसरा बसवून पहिल्याचे पैसे लावणारेही भेटतात. पण त्यांना ते जमतं का? कारण आपणच म्हणतो, "पक्कं बिल नको, तेवढे कमी करा." कर वाचवल्याचा आनंद होतो आणि पुरावा हातातून जातो. मग पंधरा दिवसांनी क्लच पुन्हा घसरला की कोणत्या तोंडाने भांडणार? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पण गिऱ्हाईकच बिल नको म्हणत असेल तर कायदा काय कपाळ करणार? छोट्या गॅरेजची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. असा नोंदणी नसलेला माणूस जीएसटी लावू शकत नाही, पण काय काम केलं ते लिहून सहीची पावती नक्की देऊ शकतो. ती मागा.

मग करायचं काय? फार अवघड नाही.

गाडी सोडतानाच सांगा, आधी बघा, काय निघतं ते लिहून पाठवा, मग मी हो म्हणेन. आणि बघायचे पैसे वेगळे घ्या. हे दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पुढे काम दिलं नाही तरी ते पैसे त्याचे. हे म्हटलंत की त्याला पार्ट विकायचं अर्धं कारण उरत नाही. जे बदलायचं म्हणेल त्याचं माप किंवा फोटो मागा: पॅड किती मिलिमीटर, बॅटरीला व्होल्टेज किती, तेल गळतंय तर नेमकं कुठून. जुने पार्ट आणि नव्याचे रिकामे डबे डिकीत ठेवायला सांगा, आणि हे आधी सांगा, नंतर नाही. डब्यावरची एमआरपी सगळे कर धरून असते, त्यामुळे बिलातला पार्टचा दर अधिक जीएसटी मिळून त्या आकड्याच्या वर जाता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच पार्टवर २८ होता. कोणी अजून २८ लावत असेल तर तिथेच बोट ठेवा. एवढं करूनही बनवाबनवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार करायला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही.

पण हे सगळं गिऱ्हाइकाच्या चिकाटीवर किती दिवस सोडायचं? कॅलिफोर्नियात १९७१ पासून कायदा आहे. लेखी एस्टिमेटशिवाय काम सुरू करायचं नाही, वाढीव कामाला गिऱ्हाइकाची परवानगी घ्यायची, बिलात लेबर आणि पार्ट वेगळे दाखवायचे, आधी मागितले असतील तर जुने पार्ट परत द्यायचे. आणि निदानासाठी काही खोलावं लागणार असेल तर खोलून परत जोडायचा खर्चही आधी लिहून द्यायचा. म्हणजे निदानाला तिथे कागदावर किंमत आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलं आहे, पण पोर्टल म्हणजे नियम नव्हे. १९७४ मध्ये याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ मध्ये व्हायच्या बारा वर्षं आधी. त्या शहराने गॅरेजच्या लेखी एस्टिमेटची मागणी लावून धरायला काय हरकत आहे? आपल्याला मात्र सोसायटीच्या ग्रुपवर 'लुटलं' लिहिण्यातच समाधान.

शेवटचं सांगतो. स्वस्त बिल म्हणजे रास्त बिल नव्हे. ज्या माणसाने गाडी पाहून "काही झालेलं नाही, न्या" असं सांगितलं, त्याला शून्य रुपये देऊन आपण आलो, तर ते या शहरातलं सगळ्यात अन्यायाचं बिल आहे. फक्त तो अन्याय आपल्यावर झालेला नसतो, म्हणून त्याची बोंब होत नाही. आणि एवढं करून त्याच माणसाने पुढच्या वेळी खरं सांगावं, ही अपेक्षाही आपणच ठेवतो.

तेव्हा कोणी पाच मिनिटांत गाडी चालू करून दिली, तर पाच मिनिटं मोजू नका. सरळ विचारा, "बघायचे किती झाले?" बहुतेक तो आधी चक्रावेल. त्याला हे आजवर कोणी विचारलेलंच नसेल.